तळाचा निळा मासा

चऱ्होली बुद्रुक,
१४ नोव्हेंबर २०२४

यास्मिन,

फोन उचलायचाच नसेल तर निदान बंद तरी करून ठेव. रिंग वाजत राहते आणि मी खुळ्यासारखी कानाला लावून बसते. मेसेज मी करणार नाही. त्या एवढ्याशा काचेवर अंगठ्याने भांडण करायला मला जमत नाही. म्हणून पत्र. पत्ता तोच असेल असं धरून चाललेय: तौफिकचं गॅरेज, तळेगाव रस्ता, चाकण. तुझा भाऊ काही बिऱ्हाड हलवणाऱ्यातला नाही, त्याला पान्हासुद्धा जागचा हललेला खपत नाही.

कामाचं बोलते. चिनी माती आली आहे, चांगली आहे, दुधासारखी. पातळ वाट्या करायच्या आहेत, आपल्या त्या, आत बोट धरलं की बाहेरून सावली दिसते त्या. चाकावर मी उभ्या करून वाळवून ठेवते. पात्याने तासून पातळ करायला तू ये. एखाद्या रविवारी ये, तुला सुट्टी असेलच. मला वेळ नाही एवढंच. कामं फार पडली आहेत.

आता तू म्हणशील, इतक्या वर्षांनी ताईला बरी आठवण झाली. झाली. पण नावाचं विचारशील तर ते जिथे होतं तिथेच आहे. चीनमध्ये, जिंगदेझेनला, माझ्या शिफूबाई (शिफू म्हणजे उस्ताद, तुला शंभरदा सांगितलंय) जन्मभर वाट्या तासत होत्या. एका वाटीवर त्यांचं नाव नाही. एकाने माती मळायची, एकाने चाकावर चढवायची, एकाने तासायची, एकाने चितारायची, आणि तळाला खूण कारखान्याची. आपल्या तळाला निळा मासा. माझं तरी नाव कुठे आहे गं? पण तू ब्रश घेऊन माशाशेजारी ‘यास्मिन’ लिहायला बसलीस. मी ओल्या स्पंजने पुसलं. तू एप्रन खुंटीला अडकवलास आणि गेलीस. एप्रन अजून तिथेच आहे. धुतलेला नाही. मी का धुवू?

परवा आळंदीला एका हॉटेलात बसले होते. कप हातात आला आणि सवयीने उलटा करून तळ बघायला गेले. चहा अंगावर! वेटर म्हणाला, मॅडम, भरलेला होता. मला तुझी आठवण आली. तू तर तौफिकच्या लग्नात पाहुण्यांच्या हातातल्या बशा उलट्या करून बघत होतीस, तुझ्या अम्मीने कपाळाला हात लावला होता. आपली जातच ती. भांडं दिसलं की आधी उलटं.

अक्षर बारीक आलंय, मला दिसतंय. थंडी आहे आणि पेन भिकार आहे.

रविवारी ये. मी वाट बघणार नाही, पण शेड उघडी असेल.

मंजूताई


चऱ्होली बुद्रुक,
५ डिसेंबर

यास्मिन,

नाहीच ना आलीस? बरं.

मातीची तक्रार करायला लिहितेय, कारण दुसरं कोणी समजून घेणार नाही. ही खेप नासकी निघाली. वाट्या चाकावर गोल दिसतात आणि भट्टीतून अंडाकृती येतात. तुला माहीत आहेच ही माती किती डूख धरते. चाकावर कुठे धक्का लागला, तू बोटाने सारखं केलंस, डोळ्याला अगदी गोल दिसलं, तरी भट्टीत गेल्यावर ती बरोब्बर आठवून परत वाकडी होते. आता मी कशाला धक्का लावेन? एवढी वर्षं काम करतेय. मातीच खराब.

रंभावहिनीला हे सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसली. माझी वहिनी म्हणजे तुला माहीतच आहे, पलीकडच्या घरात राहून अलीकडच्या घरातलं सगळं तिला दिसतं. म्हणाली, “व्हय गं बाई, मातीच वाईट. चा बशीत वतताना निम्मा मांडीवर सांडतीस, ती बी मातीच व्हय? आमी काय आंधळं न्हाई.”

मी म्हटलं, वहिनी, तू भाकरी बघ तुझी.

“भाकरी हाय तव्यावर. तू दवाखान्यात जा.”

असं हे आमचं. आता आमच्या शेडच्या मागेही टॉवर झाला आहे, दुपारनंतर फळीवर ऊन येत नाही, वाट्या वाळायला वेळ लागतो. त्याचाही परिणाम असेल. तू असतीस तर म्हणाली असतीस, ताई, टॉवरला कशाला शिव्या देता.

तासायचं पातं धार लावून ठेवलंय. तुझं, डाव्या बाजूला झिजलेलं. मी त्याला हात लावत नाही.

मंजूताई


चऱ्होली बुद्रुक,
३० डिसेंबर

यास्मिन,

हे पत्र जोडून जोडून वाचावं लागेल. अक्षर मुंगीएवढं झालंय. पेन चांगलं आहे. थंडीही नाही. मी खोटं बोलत होते.

कंपवात आहे. वहिनीने मला अक्षरशः दंडाला धरून भोसरीला नेलं. डॉक्टर माझ्याहून लहान. त्याने मला कागदावर गोल गोल काढायला सांगितलं, गोगलगायीसारखं. मला! वाट्या करणाऱ्या बाईला तो म्हणतो, गोल काढा. काढला. आम्ही दोघांनी बघितला. मग तो म्हणाला, अक्षर बारीक होत जातं ते याच्यामुळेच. गोळ्या आहेत. थरथर थोडी कमी होईल, थांबणार नाही, पुढे वाढेल. मी विचारलं, तासायचं काम होईल का? त्याला वाटलं मी सुतारकाम करते.

घरी येऊन चाकावर बसले. वाळलेली वाटी ठेवली, पातं टेकवलं. टेकताच भोक.

तर आता सरळ सांगते. माझ्या हातून आता एकही पातळ वाटी होणार नाही. चाकावर उभी करणं कसंबसं होतं, तेही कोपर गुडघ्याला दाबून धरलं तर. तासणं संपलं. या जिल्ह्यात, मला माहीत असलेल्या कुठल्याच गावात, ते येणारं दुसरं माणूस फक्त तू आहेस. मी शिफूबाईंकडून घेतलं, तू माझ्याकडून घेतलंस, आणि आता तू चाकणला कंपनीत गाड्यांचे ब्रेक ड्रम तपासतेस. तू आली नाहीस तर ते माझ्या अंगातच मरेल. मला याची फार भीती वाटते. मरणाची नाही इतकी. रात्र रात्र नाही, दिवसाढवळ्या वाटते, भाजी निवडताना.

मला दया नको आहे. तू ये, एक वाटी तास, ती भट्टीतून धड निघू दे. मग तू कोणालातरी शिकव. एवढंच मागणं आहे. राग धर ना, पण कामाला ये. रागातही हात चालतात.

मंजूताई


चऱ्होली बुद्रुक,
२१ जानेवारी २०२५

यास्मिन,

काल तुझ्या घरी येऊन गेले. तुला अम्मीने सांगितलं असेल. तू पहिल्या शिफ्टला होतीस.

वहिनीला बरोबर घेतलं नाही, एकटी आले. मोशीपासून चाकणपर्यंत ट्रकच्या मागे ट्रक, रिक्षावाला म्हणाला, मावशी, चालत गेला असता तर पोचला असता. अम्मीने चहा दिला. कप हातात आल्यावर मी काय केलं असेल ते तुला सांगायला नको. उलटा केला नाही, पण करायच्या बेतात होते, आणि त्यात हा हात. चहा सगळा चटईवर. अम्मी फडकं घेऊन आल्या आणि पुसता पुसता रडायला लागल्या. मला वाटलं माझ्यासाठी. मी म्हटलं, झुलेखाभाभी, एवढं काय, औषध चालू आहे.

त्या म्हणाल्या, “ताई, तुमचे हात गेले, माझ्या पोरीचे कान गेले. कुनाला काय सांगायचं?”

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, कान म्हणजे?

“फोनवर तर कायच न्हाई ऐकू येत तिला. समोर बसून तोंडाकडं बगती, मग कळतंय. तुमचा फोन वाजला की हातात धरून बगत बसायची. तुमचं नाव दिसायचं ना त्याच्यावर. मी म्हनायची, बेटा, उचल. ती म्हनायची, अम्मी, उचलून काय करू? ताईला कळंल.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. कंपनीत ड्रमवर हातोडीने टिचकी मारून तडा ओळखायचा, ते काम तुला जमतं म्हणून तुलाच देतात. यंत्राला सापडत नाही तो तडा तुला सापडतो. सुपरवायझर खूश. शेजारी दिवसभर मोठा घण पडतो आणि कानात घालायची बोंडं कंपनी देते, पण तू ती काढून खिशात ठेवायचीस. का, तर आवाजच आला नाही तर तडा कळणार कसा. मास्तरीणबाईंनी, म्हणजे मी, शिकवलंय ना, डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस, टिचकी मार आणि ऐक. भांडं खोटं बोलत नाही.

यास्मिन, वाटी किती पातळ झाली ते ऐकायला मी हे शिकवलं होतं गं. लोखंडासाठी नव्हतं.

मी अम्मीसमोर रडले. चाकणहून चऱ्होलीपर्यंत रिक्षात रडले. रिक्षावाल्याने आरसा वळवून घेतला, बिचारा. तू माझ्यावर रागावली आहेस असं समजून मी तुला इतके दिवस शिव्या घातल्या, आणि तू फोन हातात धरून माझ्या नावाकडे बघत होतीस.

पण रात्र गेली आणि सकाळी माझं डोकं चालायला लागलं. ऐक. म्हणजे वाच. हात तुझे चांगले आहेत, अम्मी म्हणाल्या, सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवतेस. कान माझे चांगले आहेत. तू तास, मी ऐकते. मी सांगेन तिथे थांब. दोघींत मिळून एक बाई होतेच की.

आणि तळाला तुझं नाव घालू. नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही, नियम बरोबरच होता. पण नियम कारखान्याचा असतो आणि आपल्या कारखान्यात आता उरलंय कोण? निळा रंग घोटून ठेवते. पूर्ण नाव लिही, काना-मात्रा न गाळता.

ये. पाया पडते म्हणणार होते, पण तुला ते आवडणार नाही.

मंजूताई


चऱ्होली बुद्रुक,
१८ फेब्रुवारी

यास्मिन,

रविवारी तू निघताना मी दारापर्यंत आले नाही. उठवेना. आणि मी काही बोलले असते तरी तू पाठमोरी होतीस, तुला कळलं नसतं. म्हणून लिहिते. तू तिथे होतीसच, पण माझ्या बाजूचं तुला कुठे ऐकू आलंय?

तू आलीस तेव्हा आधी खुंटीवरचा एप्रन काढलास, वास घेतलास आणि म्हणालीस, “ताई, धुतला नाहीत?” तुझा आवाज केवढा मोठा झालाय गं. पलीकडून रंभावहिनी धावत आली, तिला वाटलं भांडण जुंपलं. मला एवढा आनंद झाला की मी तोंड फिरवून मातीचं पोतं नीट करत बसले.

आणि सुरुवात किती छान झाली! वाटी चाकावर उपडी, तू थोडं तासायचीस, चाक थांबवायचीस, टिचकी मारायचीस आणि माझ्याकडे बघायचीस. मी मानेने सांगायची, अजून. आवाज बसका होता, मग जरा वर आला, मग आणखी वर. तुझे हात तसेच आहेत. पातं टेकवतानाचा तो श्वास रोखणं तसंच आहे. वहिनी दारात उभी राहून म्हणाली, “ह्या दोगी बगा, एक बोलंना, एक ऐकंना, आन् काम चाललंय झ्याक.” मी हसले. तू हसलीस, माझ्या तोंडाकडे बघून. मला वाटलं, झालं. देवा, झालं.

पण शेवटचा हात थांबून थांबून होत नाही, तुलाही माहीत आहे. शेवटचा हात चालू चाकावर, पात्याच्याच आवाजावर. सर्र सर्र चाललेलं असतं, ते एका क्षणी बारीक होतं, कागद ओढल्यासारखं, आणि तिथेच पातं उचलायचं. पुढच्या फेऱ्यात वाटी नाही. तेव्हा तुझी नजर पात्यावरून हलू शकत नाही, माझ्या तोंडाकडे कशी बघणार? ते कानातलं मशीन लावलंस तर चाकाची घरघरच डोक्यात भरते म्हणालीस. मी ओरडले ‘बस’, पहिल्या वाटीला. तू थांबली नाहीस. पलीकडच्या सोसायटीतली माणसं खिडकीत आली, तू नाही थांबलीस.

मग तूच म्हणालीस, “ताई, खांद्यावर हात ठेवा. थांबायचं झालं की दाबा.”

किती साधं. मला सुचलं नव्हतं.

मी तुझ्या मागे उभी राहिले, हात ठेवला. दुसरी वाटी. पातं चाललं, आवाज चढत गेला, मी डोळे मिटले. असा आवाज मी किती दिवसांनी ऐकत होते. माझ्या जिवात जीव आला होता खरंच. आणि तो क्षण आला, आवाज बारीक झाला, कागद ओढल्यासारखा, आणि मी दाबलं.

मी दाबलं, यास्मिन. शपथेवर सांगते, वेळेवर दाबलं. पण माझा हात तुझ्या खांद्यावर ठेवल्यापासून थरथरतच होता. त्यातलं दाबणं कुठलं आणि थरथरणं कुठलं, तुला कसं कळावं? तुझा काही दोष नाही. तू थांबली नाहीस आणि वाटी तुझ्या हातात पापडासारखी गेली.

तिसरी तू लावलीच नाहीस. तुकडे गोळा केलेस, पाण्याच्या बादलीत टाकलेस, भाजलेली नसल्यामुळे माती होतीच ती, विरघळायला लागली. घोटलेला निळा रंग तसाच होता. तू ब्रशकडे बघितलंस, मी बघितलं. तू एप्रन घडी करून फळीवर ठेवलास. खुंटीला नाही अडकवलास. मग म्हणालीस, हळू, म्हणजे तुला वाटलं असेल हळू, “ताई, आता परत बोलवू नका मला. मातीला हात लावला की मला सगळं आठवतंय, आवाज कसा यायचा ते. नको.”

नाही बोलवणार.

मंजूताई


चऱ्होली बुद्रुक,
२६ मार्च

यास्मिन,

हे पत्र छापील आहे, दचकू नकोस. हाताने लिहिलेलं आता मलाच वाचता येत नाही. रंभावहिनीचं म्हणणं, मी बोलावं आणि झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराने टाइप करावं. त्याच्यासमोर सगळं बोलायचं म्हणजे लाज वाटते, पण तो बिचारा कानात गाणी लावूनच बसतो, थोडं थोडं ऐकतो. मी त्याला म्हटलं, आवाज कमी ठेव रे बाबा. त्याला वाटलं म्हातारीला त्रास होतोय.

बोलवायला लिहीत नाही. शब्द दिलाय. चाक विकलं. तळेगावच्या एका बाई घेऊन गेल्या, त्या कुंड्या करतात. चांगल्या आहेत बाई. पातळ वाटी दाखवली तर म्हणाल्या, अय्या, प्लॅस्टिकसारखी हलकी आहे हो. मी म्हटलं, हो. भट्टी भंगारात जाईल. उरलेली चिनी माती वहिनीने तुळशीला घातली, आणि आता तुळस मरायला टेकली आहे, त्यावरून ती माझ्याशी भांडते.

शिफूबाईंना कळवावं असं मनात होतं, पण काय कळवू? त्या असतील की नाही तेही माहीत नाही. त्यांच्या मागे तिथे पुष्कळ जण आहेत, त्यांचं अडणार नाही. आपल्याकडे दोघी होतो.

पार्सल उघडताना जपून. आत कापूस आहे, कापसात कपडा आहे, कपड्यात वाटी आहे. तुझी. तू गेलीस त्याच्या आधीच्या भट्टीतली, तू तासलेली, माझ्या हातून किंवा तुझ्या हातून तितकी पातळ दुसरी झाली नाही. मी ती कधी विकली नाही आणि कोणाला दाखवली नाही. टिचकी मारलीस तर तुला ऐकू येणार नाही, पण ओठाला लावून मार, दातात कळेल. मी करून बघितलंय.

तळाला निळा मासा आहे. त्याच्या शेजारी मी तुझं नाव घातलं आहे. भट्टी जायच्या आधी, भाजलेल्या वाटीवर वरून चढवायच्या लाल रंगात, मनगट दुसऱ्या हाताने धरून. चार दिवस घालवले त्यावर. मग भाजलं, आता ते निघणार नाही. पुसायला स्पंज घेऊन बसलेली मीच होते आणि लिहायला बसलेही मीच, हसू नकोस.

सोमवारी ईद आहे ना? अम्मीचा शीरखुर्मा ह्या वाटीत घे. गरम घे, ती तडकायची नाही, मी जबाबदार. बोटांची सावली दिसेल बघ.

फक्त एवढं ऐक माझं. आपली सवय मला माहीत आहे, तरी सांगते. नाव म्हणून मी जे लिहिलंय ते कोणाला वाचता येणार नाही. नुसता लाल गुंता झालाय. वाटी उलटी करून बघू नकोस.

तुझी
मंजूताई